चाव्यांची फळी

शांतामावशी कुणाला चावी मागू द्यायची नाही. आपण अजून गल्लीच्या तोंडाशी चपला फरफटवत यायचो आणि तिच्या दारापाशी पोचेपर्यंत तिचा हात चावी घेऊन पुढे आलेला असायचा. मान वर न करता. मांडीवर जीन्सची पँट, हातात छोटी कात्री, भोवती निळ्या धाग्यांचा हा ढीग! चालीवरून माणूस ओळखायची बाई.

अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे आमची बैठी चाळ होती. बारा खोल्या, बारा कुलपं. मोठी माणसं कामावर, पोरं शाळेत. दिवसभर घरी असणारी एकटी शांता कांबळे. नवरा गेल्यावर ती उल्हासनगरहून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे आणायची आणि उंबऱ्यात बसून लोंबणारे धागे कापायची. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली खिळे ठोकलेली एक फळी. सगळ्या चाळीच्या चाव्या त्या फळीवर. मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक चावीला निळा धागा बांधलेला. आमच्या चावीच्या धाग्याला एक गाठ, सावंतांच्या दोन, पवारांच्या तीन. शेवटच्या खोलीची चावी तर गाठींनीच जड झाली होती.

इतक्या घरांच्या चाव्या हातात, पण दुसऱ्याच्या घरात तिने कधी पाऊल टाकलं नाही. एकदा पवारांच्या खोलीतून धूर यायला लागला. मावशीने धावत जाऊन कुलूप काढलं आणि बाहेरच उभी राहून बोंब ठोकली, "अरे, कुणीतरी आत जा रे, इस्टोवर काय तरी जळतंय!" पवारकाकू नंतर म्हणाल्या, "अगं, तूच जायचंस की." तर म्हणे, "घर ज्याचं त्याचं. माझा फकस्त खिळा."

आणि कोण कधी आलं, कधी गेलं, हे तिच्याकडून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पवारांची सून एकदा भरदुपारी डोळे पुसत घरी आली. संध्याकाळी सासू चौकशीला हजर. मावशी म्हणाली, "मला काय दिसतंय? माझं डोकं धाग्यात." सासू गेल्यावर माझ्याकडे बघून हसली. "चावीला तोंड नसतं गं. आपण तरी कशाला लावायचं?"

हे सगळं मी कौतुकाने सांगते आहे खरी, पण मला कौतुक करायचा अधिकार नाही. का, ते सांगते.

मी बारावीला होते. एका खोलीत आम्ही सात माणसं. मला जन्मात कधी एकटीने बसायला मिळालं नव्हतं. हसू नका, पण तेव्हा मला फक्त एक रिकामी खोली हवी होती. एका दुपारी मी मावशीच्या उंबऱ्यात बसून उगाच रडत होते. सावंत मंडळी मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवायला कोकणात गेली होती. मावशीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठली आणि दोन गाठींची चावी माझ्या हातात ठेवली. "एक तास. पंखा बंद करून ये." दुसऱ्याची चावी तिसऱ्याच्या हातात तिने त्याआधी कधी दिली नव्हती.

मी सावंतांच्या फरशीवर पंख्याखाली पडून राहिले. बाकी काही केलं नाही, देवाशपथ. निघताना तोंड धुवायला मोरीतला नळ उघडला. आमच्याकडे पाणी फक्त सकाळी यायचं. नळाने नुसती हवा सोडली. मी ओढणीने तोंड पुसलं, पंखा आठवणीने बंद केला आणि कुलूप लावून आले. नळ तसाच उघडा! आमच्या भागातल्या प्रत्येकाने एकदा तरी केलेला गाढवपणा.

सकाळी पाणी आलं. पिंप भरायला नळाला लावलेल्या नळीचं तोंड मोरीबाहेर पडलं होतं, त्यामुळे सगळं पाणी खोलीत. आठच्या सुमारास सावंत गावाहून आले तेव्हा दाराखालून पाणी वाहत होतं. पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत लग्नाचा बस्ता होता. लाल साडीचा रंग बाकीच्या सगळ्या साड्यांना लागला होता. सावंतांची लता ओल्या साड्या मांडीवर घेऊन हमसून हमसून रडत होती.

सावंतकाकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "शांता, चावी कुणाकडे होती?"

"माझ्याकडं."

"मग आत कोण गेलं?"

मावशीने पदराला चिकटलेला निळा धागा काढला.

"तुझ्याकडे नळ नाही. आम्ही नाही बघून पाणी भरायला गेलीस, होय ना?"

तेवढ्यात गावाहून त्यांच्याबरोबर आलेली काकूंची सासू दारातून म्हणाली, "शेवटी आमच्या नळाक हात लावल्यानच." त्या वाक्यात काय होतं ते सगळ्यांना कळलं. कांबळ्यांच्या भिंतीवर इतकी वर्षं निर्धास्तपणे चाव्या टांगणाऱ्या माणसांपैकी एकानेही म्हातारीला गप्प केलं नाही.

मावशीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चावी माझ्याकडं होती. एवढंच मला सांगता येतंय." रिकाम्या घरात भरदुपारी एकटी पोर गेली म्हटल्यावर चाळ पुढे काय काय विचारेल, हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. माझ्या शेजारी उभी असलेली आई हळूच म्हणाली, "अशी वाटत नव्हती गं." आणि मी मान हलवली. होय म्हणून!

त्याच संध्याकाळी आईने मला आमची चावी आणायला पाठवलं. मावशीने धाग्याची गाठ सोडली, नुसती चावी माझ्या हातात दिली. "पंखा तरी बंद केलेलास ना?" मी हो म्हटलं. "मग झालं," ती म्हणाली आणि परत कात्री घेऊन बसली. आठवड्याभरात फळीवर खिळेच उरले.

पुढे चाळ पडली, माणसं पांगली. मावशी मुलाकडे बदलापूरला, मांजर्लीत राहायला गेली. मी आईला घेऊन बदलापूर गावात. रिक्षाने पंधरा मिनिटं. एवढ्या वर्षांत मी एकदाच गेले. खूप रडले, माफी मागितली. ती पलंगावर पडूनच ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला काय सांगतीस, बये? मला ठावंच होतं. ज्यांना ठावं नव्हतं, त्यांना सांगायचं होतंस." मग सुनेला म्हणाली, "हिला च्या टाक." मी चहा पिऊन घरी आले आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात ती गेली. चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली. रोज तिथे जुन्या आठवणींचा पूर असतो, आपली चाळ म्हणजे एक कुटुंब वगैरे. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग पवारांच्या मुलाने लिहिलं, "ते नळाचं सोडलं तर बाई सोन्यासारखी होती."

मी लिहिलं, "तो नळ मी उघडा ठेवला होता. मावशीने माझं नाव घेतलं नाही." आणि पाठवून दिलं. सगळ्यांनी वाचलं. लताने वाचलं. थोड्या वेळाने कुणीतरी गुलाबाच्या फुलावर लिहिलेला सुविचार टाकला.

आई फोन बघत नाही. तिला तोंडानेच सांगावं लागणार होतं. ती भाजी निवडत बसली होती. मी समोर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं, पंख्यापासून नळापर्यंत. तिने मेथीची जुडी खाली ठेवली. मला वाटलं, रागावेल, नाहीतर रडेल.

"मग तेव्हा मान कशाला हलवलीस?" तिने विचारलं.