मुळाबरहुकूम

माझ्या हातून एक गाढवपणा झाला. महाडच्या कोर्टाबाहेर बसून मी कागदपत्रांची भाषांतरं करून देतो. शेवटची ओळ संपली की हात आपोआप शिक्का उचलतो : ‘मुळाबरहुकूम खरे भाषांतर’. तसाच तो बायबलविषयीच्या एका इंग्रजी लेखाच्या भाषांतरावर उमटला.

लेख आणला होता पोलादपूरच्या एका निवृत्त ख्रिस्ती मास्तरांनी. मुलगा पुण्यात एका पुरुषासोबत संसार करतो हे कळल्यावर त्यांनी बायबलमधल्या पौलाच्या पत्रातली, अशांना देवाच्या राज्यात जागा नाही असं सांगणारी एक ओळ त्याला वाचून दाखवली आणि घरी येऊ नकोस म्हणून सांगितलं. त्याला सहा वर्षं झाली. मास्तरीणबाई गेल्यापासून ते एकटेच असतात. लेखात म्हटलं होतं की त्या ओळीतल्या ग्रीक शब्दाचा अर्थ अभ्यासक वेगवेगळा लावतात, आणि ‘समलिंगी’ हा शब्द काही भाषांतरांत अगदी अलीकडे आला.

मास्तरांनी शिक्क्यावर बोट ठेवलं. “मूळ ग्रीक पाहिलंत?”

“नाही हो. मला कुठलं ग्रीक? सवयीनं मारला.”

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “मूळ मीही पाहिलं नव्हतं. सवयीनंच बोललो त्याला.”

कागद खिशात घालून ते एसटी स्टँडकडे निघाले, पोलादपूरच्या त्या कुलूपबंद घराकडे. मी नुसता बघत राहिलो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आणि तुम्ही त्यांना एकटं जाऊ दिलंत? शनिवारी त्यांना घेऊन पुण्याला जा. तो शिक्का मात्र घरी ठेवा.”