चौकशीचा फोन

काल सकाळी नांदेडला गॅरेजवर पोचलो तर पेंटर शिडीवर चढून बोर्डावर माझं नाव लिहीत होता. दुपारी कुणीतरी त्याचा फोटो टाकला आणि अभिनंदन सुरू झालं... मालक झालास, पेढे कधी? म्हणून हे लिहितोय. पेढे नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... मी डिझेल मेकॅनिक. शिवाप्पा मिस्त्रींच्या याच गॅरेजात पगारावर होतो, आणि इथल्याच अनुभवावर ऑस्ट्रेलियाचा टेम्पररी व्हिसा मिळाला. काम उत्तम चाललं होतं. पुढे तिकडेच कायम राहायचं, हे मनात पक्कं होतं.

मग मिस्त्रींना तिकडच्या व्हिसा ऑफिसातून पडताळणीचा फोन आला. हिंदी बोलणारी बाई... मुलगा तुमच्याकडे किती वर्षं होता, पगार किती, वागायला कसा. नेमकी तेव्हाच आई माझ्यासाठी स्थळं बघत होती आणि चौकशीला मिस्त्रींचा नंबर देत होती. मिस्त्रींना वाटलं, मुलीकडचे आहेत.

स्थळाच्या चौकशीत आपल्याकडे कुणी हात राखून बोलतं का? मिस्त्रींनी ठोकून दिलं की पोरगा नोकर कसला, गॅरेजचा मालकच तो, मी नुसता बसायला येतो. माझ्या कागदांवर मी पगारी मेकॅनिक. झालं... खोटी माहिती दिली म्हणून व्हिसा रद्द.

मी रिव्ह्यू, म्हणजे निर्णयाची फेरतपासणी मागितली. सुनावणीत मिस्त्रींची साक्ष फोनवर झाली, मध्ये दुभाषी. त्यांनी आईची स्थळं, तो फोन, सगळं प्रांजळपणे सांगितलं. मग सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी शांतपणे विचारलं, तुम्ही खरं तेव्हा बोललात की आता बोलताय?

मिस्त्री म्हणाले, "तवा बी पोराच्या भल्यासाठी बोललो, आता बी त्याच्या भल्यासाठीच बोलून राहिलो."

आपल्याकडे हे ऐकून एखाद्याच्या डोळ्यांत पाणी येईल. तिकडे ते वाक्य जसंच्या तसं निकालात आलं... साक्षीदार अर्जदाराच्या सोयीचं बोलतो, भरवसा ठेवता येत नाही. रद्द ते रद्दच राहिलं.

परत आलो तो राग घेऊनच. त्या ऑफिसचा येतो, त्यांना खात्री करायला दुसरा एक फोन करावासा वाटला नाही. आईचाही थोडा येतो. मिस्त्रींवर चिडायला जावं तर ते आपला अर्धा चहा माझ्यापुढे सरकवतात... त्यांच्यावर रागावता येत नाही, हेच जास्त जाचतं.

काल त्यांना विचारलं, मिस्त्री, हे नाव कशाला? ते पाना पुसत होते, मान वर केली नाही. म्हणाले, "तवा खोटं बोललो नव्हं का मी? तेवढं तरी खरं करू दे."

मला हे गॅरेज नको होतं हो. पण पेंटरला खाली उतर म्हणायचा धीर झाला नाही.

बोर्ड चांगला झालाय. आता कुणीही फोन करून विचारावं, मिस्त्री अगदी खरं सांगतील... फक्त आता कुणी विचारणार नाही.