साखरपुड्यातलं लगीन

"लगीन झालंच न्हवतं, नुसता साखरपुडा हुता, एवढंच सांगायचं की! त्यात काय जीभ झडतीया व्हय तुझी?" आक्काताई गोठ्याच्या दारातनं सुनेवर ओरडल्या.

"आणि ही जोडवी, आत्ती? साखरपुड्यात जोडवी घालत्यात?" अनुजानं शेणानं भरलेला पाय पुढं केला.

"काढून ठेव चार दिस. कोण बघाय येतंय?"

ती जोडवी ह्याच सासूनं घातली होती. चार वर्षांमागं, गडमुडशिंगीच्या ह्याच अंगणात. मांडव साखरपुड्याचाच होता. नवरदेव धैर्यशीलचा कॅनडाचा व्हिसा आलेला. पंगत बसायच्या आत सासरा जोतीराम उठून गरजला, "दोनदा मांडव कशाला? आजच अक्षता टाकू!" आमच्याकडं हे नवं नाही. माणसं साखरपुड्याला म्हणून येतात आणि लग्न जेवून जातात. एकाला मोटरसायकलवर कोल्हापुरात पिटाळलं, मंगळसूत्र आलं, हार आले, आणि साखरपुड्याच्याच साडीत अनुजा अंतरपाटामागं उभी राहिली. हळद नाही, वरात नाही. तरी पोरगी खुशीत होती.

महिन्याभरात नवरा उडाला. हिच्या वाट्याला म्हशी आल्या, वैरण आली आणि रातच्याला फोनमधला त्याचा चेहरा.

धैर्यशीलला तिकडं कायमचं राहायची परवानगी मिळाली, तो पक्का झाला, तशी बायकोला बोलावून घ्यायची तयारी सुरू झाली. लग्न खरं आहे हे तिथल्या सरकारला पटवायचं होतं. अनुजा धारा उरकून कोल्हापुरात एका एजंटाकडं खेपा घालायची. अक्षतांचे फोटो निवडले, फोनवरची बोलणी छापून घेतली. लग्नाची नोंद तेवढी राहिली होती. ग्रामपंचायतीत जाऊया म्हटलं, की आक्काताईंना कधी अमावस्या आठवायची, कधी ऊसतोड.

अशी टाळाटाळ का, ते आज सकाळी कळलं. धैर्यशीलचा फोन आला.

"ते अक्षतांचं फोटू देऊ नको. हितं पक्कं व्हताना मी लगीन झालं न्हाय असं लिवलंय. तवा लपवलेली बायको आता आणता येत न्हाय. दिवाळीत येतो, नव्यानं कोर्टात लगीन करू. तवर तू साखरपुड्याची, तशी कागदावर सही करून दे."

"तसं का लिवलासा?"

"एकट्याचं काम लौकर व्हतं, असं हितली माणसं म्हणत हुती. आणि आबाच म्हणाले की, साखरपुडाच हुता म्हण."

आबा म्हणजे जोतीराम. तिथं तिचं काळीज फाटलं. नवरा लांबचा, तो महिनाभराच्या ओळखीचा. सासऱ्याला मात्र ती रोज ताट वाढत होती, आणि तो तिला चारचौघांत लेक म्हणत होता.

जोतीराम गोठ्याबाहेर दगडावर बसला होता, काठी मांडीवर आडवी. अनुजा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मामा, तुमी सांगिटलासा?"

"पोराचं बस्तान बसत हुतं, पोरी. आमी काय कमी केलं का तुला?"

"गेल्या साली तुमची मांडी मोडलती. तुमास्नी उचलून न्हाणीत कोण न्हेत हुतं? साखरपुड्याची पोरगी?"

जोतीराम काठीचं टोक मातीत फिरवत राहिला. वर काही बघेना.

आक्काताईच फुटल्या. "उगं तोंड वाजवू नको! खरं सांगाय गेलीस तर पोराचं तिकडचं ऱ्हाणं जाईल. गप सही केलीस तर कॅनडा, न्हाय तर बस हितंच शेण काढत!"

"बसतो की," अनुजा म्हणाली. "पर सही मागू नगासा. लगीन झालंय माझं. सारं गाव जेवलंय. तुमच्या लेकानं खोटं लिवलंय, त्यानंच निस्तरावं."

"अगं, त्याचं वाटोळं व्हईल!"

"आणि माझं काय झालं, आत्ती?"

आक्काताईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या घरात गेल्या. अनुजा रडली नाही. रडायला बसली असती तर कुणीतरी समजूत घातली असती आणि समजूत घालता घालता सही घेतली असती.

आत म्हैस रेकली. डेअरीची गाडी यायची वेळ झाली होती. अनुजानं पदर खोचला, रेडकू सोडलं, दोन घोट पिऊ दिलं आणि मागं ओढून दाव्याला बांधलं. कासेवर पाणी मारलं, चरवी गुडघ्यात धरली आणि धार काढायला बसली.