दारातलं डस्टर

वन्संनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं, जन्मात कुणावर हात उगारला नाही. त्याची त्यांना गरजच पडली नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्या बीजगणिताची शिकवणी घेत, तीही फक्त नापासांची. हुशार पोरांना त्या दारातूनच परत पाठवत. हुशार पोरं त्यांना कशाला घाबरतील?

खोलीत एक फळा, तीन बाकं आणि दारापाशी खिळ्याला अडकवलेलं डस्टर. ज्याचं चुकेल त्यानं ते डस्टर हातात धरून दारात उभं राहायचं आणि आल्यागेल्याला आपली चुकलेली ओळ वाचून दाखवायची. पोस्टमन आला तर पोस्टमनला. वन्सं याला ‘स्वागत’ म्हणत.

त्यांचा सगळा जीव प्रमाणरूपावर. समीकरण कसंही विस्कटलेलं येवो, ते नीट लावायचं: आधी एक्स, मग वाय, नुसता आकडा बरोबरच्या चिन्हापलीकडे. अपूर्णांक नको, एक्सच्या पुढं ऋण चिन्ह नको.

“एवढं झाल्याशिवाय पेन खाली ठेवायचं नाही,” त्या बजावत. “समजलं नाही तरी चालेल. समजणं तुमच्या आवाक्यातलं नाही.”

माझी धाकटी बहीण इस्पितळात आया होती. तिला नर्स व्हायचं होतं. त्या प्रशिक्षणाला दहावीचं गणित सुटायला हवं, ते तीनदा राहिलेलं, आणि वयाची अट यंदा संपत होती. मीच तिला वन्संकडे बसवलं. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

पहिल्याच दिवशी फळ्यावर y = −⅔x + 4 आलं. छेदातला तीन घालवायचा तर सगळ्यालाच तिनानं गुणावं लागतं. हिनं चार तसाच सोडला: 3y = −2x + 4.

“हा चार काय पाहुणा आहे?” वन्सं म्हणाल्या. “इस्पितळातही असंच करतेस का? एकाची चादर बदलायची आणि शेजारच्याला घाणीत ठेवायचं?”

पोरं खिदळली. तिशीला आलेली माझी बहीण डस्टर घेऊन दारात गेली. नेमकी तिच्याच वॉर्डातली नर्स भाच्याला न्यायला आली होती, तिलाही ती ओळ ऐकावी लागली. मी आत भाजी निवडत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. पण आमचा संसार वन्संच्या छपराखाली, म्हणून मी तोंडाला कुलूप घातलं.

चार महिन्यांत ती तयार झाली. चादरी बदलतानाही पुटपुटायची, अपूर्णांक नको, ऋण नको. वन्सं माझ्यापाशी कौतुकानं म्हणाल्या, “तुझी बहीण ढच आहे, पण घाबरायला छान शिकली.”

निकाल लागला. पस्तीस हवे होते, तेहतीस मिळाले.

आम्ही उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. प्रश्न होता: 2x + 3y = 12 हे समीकरण y = mx + c या रूपात लिहा, तीन गुण. तिनं लिहिलं होतं y = −⅔x + 4, अगदी बिनचूक. मग त्यावर काट मारली होती आणि खाली पट्टीनं आखलेल्या चौकटीत लिहिलं होतं 2x + 3y = 12. म्हणजे प्रश्नच परत उतरवला होता. त्याला शून्य.

“खोडलंस कशाला गं?” मी विचारलं.

“ताई, अपूर्णांक होता ना. आणि एक्सच्या पुढं ऋण.”

वन्संनी कागद बराच वेळ न्याहाळला. त्यांना कळलं होतं, कारण त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आज तरी ही बाई एक शब्द बरा बोलेल. एवढ्यात शिकवणीची मुलं यायला लागली. वन्संनी खिळ्यावरचं डस्टर काढलं आणि तिच्यापुढं धरलं.

“प्रश्न वाचायची अक्कल नाही. जा, चुकलेली ओळ वाच.”

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. बहीण मुकाट्यानं दारात जाऊन उभी राहिली आणि आलेल्या पहिल्या मुलाला तिनं खोडलेली ओळ वाचून दाखवली.

“वाय बरोबर उणे दोन तृतीयांश एक्स, अधिक चार.”

“मोठ्यानं,” वन्सं म्हणाल्या.