उलट्या आट्यांची रिंग

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी कुंभार मॅडमचं नाव सांगतो. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या आम्हाला मशीन ड्रॉइंग शिकवायच्या. मी मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी वर्गातलं निम्मं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायचं. मॅडम तास संपल्यावर थांबायच्या आणि तोच धडा मला पुन्हा मराठीतून सांगायच्या. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ सायकल घेऊन दुकानात शिरले आणि पहिलंच वाक्य "कुंभार मॅडमनी पाठवलंय" असं म्हणाले, तेव्हा हातातलं काम मी तसंच बाजूला ठेवलं.

साताऱ्यातल्या एका सायकलच्या दुकानात मी सर्व्हिस विभाग बघतो. आलेले गृहस्थ इस्लामपूरचे. मॅडम निवृत्तीनंतर तिथेच राहतात, त्यांच्या शेजारचे. त्यांना इथे दिनकरकाका म्हणतो, खरं नाव वेगळं आहे. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ते वेल्डर आहेत. बरोबर त्यांची मुलगी ऋतुजा होती, बारावीतली. ती रस्त्यावरच्या शर्यती जिंकत आलेली. येत्या रविवारी पुण्याला ट्रॅक सायकलिंगची निवड चाचणी होती आणि तिथे सायकल आपली आपणच न्यायची होती.

ट्रॅक म्हणजे वळणांवर भिंतीसारखा उभा चढवलेला गोल रस्ता. तिथल्या सायकलला गिअर बदलायची सोय नसते, ब्रेक नसतात आणि फ्रीव्हीलही नसतं. आपल्या नेहमीच्या सायकलचं पेडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, कट-कट आवाज येतो, ते फ्रीव्हीलमुळे. ट्रॅकवरच्या सायकलीत दातेरी चक्र चाकाला घट्ट बसवलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार आणि पाय फिरणार. यालाच फिक्स्ड गिअर म्हणतात. वेग कमी करायचा तर पेडल मागे दाबून धरायचं. दुसरा उपाय नाही.

"काम सगळं झालंय," दिनकरकाका म्हणाले. "चेन तेवढी ढिली वाटतीया. ती ताणून द्या."

मी सायकल स्टँडवर चढवली. सांगलीच्या कुणा जुन्या शर्यतपटूकडून घेतलेली स्टीलची रेसिंग सायकल. फ्रेम उत्तम होती. गिअरचं सगळं सामान उतरवलेलं. मागचं चाक फिरवलं आणि कट-कट आवाज आला नाही. वाकून बघितलं, तर फ्रीव्हीलच्या आतलं आणि बाहेरचं कडं एकमेकांना वेल्ड केलेलं होतं. वेल्ड इतकं सुबक की त्यावरून बोट फिरवावंसं वाटलं.

"हे तुम्ही केलंय?"

"व्हय. माजंच हाय. बॉयलरच्या पायपा जोडतो आमी, ह्ये तर काय खेळणं. तुटायचं न्हाई."

"चालवून बघितली?"

"कारखान्याच्या यार्डात मी चालवली. चार दिस झालं, ही रोज आष्ट्याच्या रस्त्याला नेती."

मी ऋतुजाला विचारलं, "थांबताना पेडल मागे दाबलंस कधी?"

"नाही सर. ब्रेक आहेत की."

"रविवारी असतील?"

तिनं ब्रेककडे बघितलं. मग म्हणाली, "नाही. तिथं काढायला लावतात."

आता घोळ कुठे होता ते सांगतो. फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, बाटलीच्या झाकणासारखं आट्यांवर बसतं. पुढे पेडल मारलं की ते आणखी आवळतं. म्हणून ते रोजच्या वापरात कधी निघत नाही. पण वेल्ड करून जाम केलं आणि पेडल मागे दाबलं, तर तेच झाकण उघडायच्या दिशेनं फिरतं. वेल्ड तुटत नाही. वेल्डसकट अख्खं फ्रीव्हील सुटतं. चढवलेल्या ट्रॅकवर, ब्रेक नसताना, मागेपुढे इतर मुली असताना ते सुटलं तर सायकलवरच्या मुलीकडे वेग कमी करायला काहीच उरत नाही.

हे मी सांगितलं. दिनकरकाकांनी ऐकून घेतलं, पण त्यांना पटलेलं नव्हतं. बावीस-पंचवीस वर्षं हातानं काम केलेल्या माणसाला तोंडी सांगून पटणारही नाही. मी चाक काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि साखळीचा तुकडा जोडलेला लांब दांडा दिला. हा आमच्या कामातला पाना. दात्यांना साखळी अडकवायची आणि दांडा ओढायचा.

"काका, तुम्हीच ओढा. उलटा."

"मोडलं मजी?"

"मोडणार नाही."

त्यांनी चाक गुडघ्यात धरलं, दांडा ओढला. काही झालं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अंग टाकून ओढला तसं फ्रीव्हील करकरलं आणि फिरलं. पुढे ते बोटांनीच निघून हातात आलं. त्यांनी ते खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं आणि उजेडात धरलं.

"वेल्ड गेलं न्हाई," ते म्हणाले.

"नाही गेलं. वेल्ड एक नंबर आहे."

"बॉयलरनं कवा मान खाली घालाया लावली न्हाई. ह्या वाटीएवढ्या चक्रानं घातली."

"पप्पा, मी म्हणलं हुतं, आधी कुणाला तरी विचारू," ऋतुजा म्हणाली.

"विचारलं की. मॅडमना विचारलं, त्यांनी हितं धाडलं. न्हाईतर सरळ पुण्यालाच गेलो असतो." मग माझ्याकडे वळून, "आवं सायेब, मग हबालाच टाका मारतो की. सुटायचा प्रश्नच मिटला."

"हब ॲल्युमिनियमचा आहे, काका. चक्र स्टीलचं."

त्यांनी हब नखानं खरवडून बघितला. "व्हय. स्टीलचा टाका ह्येला धरायचा न्हाई."

ऋतुजा पायरीवर जाऊन बसली. ती रडत नव्हती. हेल्मेटचा पट्टा उघडत होती, लावत होती. रविवार हुकला तर पुढची चाचणी पुढच्या वर्षी, आणि तोवर ती वयोगटाच्या बाहेर जाणार होती. ट्रॅकची तयार सायकल घेणं त्या घराच्या आवाक्यातलं नव्हतं. आणि मॅडमनी पाठवलेल्या माणसाला मी नुसतं नाही म्हणून परत पाठवत होतो.

लागत होतं फक्त एक चाक. ट्रॅकच्या हबला दोन प्रकारचे आटे असतात. मोठ्या, सरळ आट्यांवर दातेरी चक्र बसतं. त्याच्या बाहेर लहान आणि उलटे आटे असतात, त्यांवर एक रिंग बसते. तिला लॉकरिंग म्हणतात. पेडल मागे दाबलं की चक्र सुटायच्या दिशेनं फिरू पाहतं आणि रिंगला आपल्याबरोबर ओढतं. पण रिंगचे आटे उलटे असल्यामुळे तीच फेरी रिंगला आणखी आवळते. सुटायला निघालेलंच स्वतःला अडवतं.

तसं चाक साताऱ्यात एकच होतं. आमच्या काचेआड उभ्या असलेल्या शोभेच्या सायकलला. मी मालकांकडे गेलो. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

"शोकेसमधल्या सायकलचं मागचं चाक पाहिजे. सोमवारपर्यंत."

"आणि ती उभी कशावर करायची? विटांवर?"

"विटांवर चालेल."

"गिऱ्हाईक म्हणंल चोरी झाली." अण्णांनी काचेतून बाहेर पायरीकडे बघितलं. "ती पोरगी का?"

"हो."

"त्यांनी वेल्ड केलेलंच दे ना. लिहून घे त्यांच्याकडनं, जबाबदारी त्यांची."

"लिहून घेऊन ते सुटायचं थांबणार नाही, अण्णा."

अण्णांनी शोकेसची किल्ली माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "पुढचा टायर पण बघ तिचा. गुळगुळीत झालाय."

चाक मिळालं, पण बसेना. जुन्या फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधली जागा नव्या हबपेक्षा रुंद होती. मध्ये दोन्ही बाजूंना बुश, म्हणजे जाड कडी, घालावी लागणार होती. आणि दोन्ही सारखी चालणार नव्हती. साखळी पुढच्या चक्रापासून मागच्या चक्रापर्यंत नाकासमोर सरळ धावली पाहिजे. तिरकी धावली तर फिक्स्ड गिअरवर ती उतरू शकते, आणि उतरली की चाकात अडकते. मी मापं घेतली. उजवीकडचं कडं पातळ, डावीकडचं जाड. कागदावर ड्रॉइंग काढलं.

दिनकरकाका ते उलटंसुलटं करून बघत होते. "आमच्या लेथवर करतो की. सांजच्याला शिफ्ट हाय माजी. हंगाम चालू हाय, पन सायेबाला इचारून अर्धा तास काढतो."

"दोन्हींची जाडी वेगळी आहे, काका."

"दिसतंय मला. आता मला हरेक गोष्ट दोनदा सांगू नगा."

मी माफी मागितली. ते हसले, आल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुश घेऊन आले. मापाला बरोबर होते. चाक बसलं. चाकाचा आस बसतो त्या फ्रेमच्या खाचा आडव्या होत्या, त्यामुळे चाक मागे ओढून साखळीचा ताण जमवता आला. नव्या सायकलींच्या खाचा बहुधा उभ्या असतात, तिथे हे जमत नाही. लॉकरिंग आवळायला मी पाना दिनकरकाकांच्या हातात दिला. ते सवयीनं उजवीकडे फिरवायला गेले, थांबले आणि डावीकडे फिरवलं.

मग उरली ऋतुजा. पुढचा ब्रेक ठेवून तिला मैदानावर चालवायला लावलं. पहिल्याच फेरीत तिनं पाय थांबवले. सायकलनं तिला मागून गाढवासारखी लाथ घातली. ती पडली नाही, पण सीटवरून वर उडाली.

"पाय का थांबवलेस?"

"सवय आहे सर. उसाच्या ट्रॉलीमागं सराव करते मी. ट्रॉली वारा अडवते. ती हळू झाली की आपण पाय सोडायचे."

"ट्रॉलीमागं?" दिनकरकाका म्हणाले. "घरात हे कवा सांगितलं न्हाईस ते."

"तुम्ही वेल्डचं सांगितलं का आईला?"

काकांनी तिला हातानंच पुढच्या फेरीची खूण केली. दुपारपर्यंत तिचे पाय थांबायचे थांबले. वेग वाढवणं तिला येतच होतं. तो पायांनी कमी करणं तिला त्या दिवशी आलं.

या धंद्यात मला समजलेली गोष्ट एवढीच आहे. जोड किती पक्का आहे हे सगळेच बघतात. जोर कुठल्या दिशेनं येणार हेही बघावं लागतं, आणि ते करणाऱ्याच्या हातानं बघू द्यावं.

रविवारी अण्णांनी मला सुट्टी दिली. मी पुण्याला गेलो. मॅडमना आता फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून सोमवारी हे पत्र टाकलं.

तीर्थस्वरूप मॅडमना सा. न.

ऋतुजाची चाचणी झाली. निवड झाली नाही. लागणारी वेळ थोडक्यात हुकली. पण तिथल्या प्रशिक्षकांनी तिला उन्हाळी शिबिराला बोलावलं आहे. शिबिरातल्या मुलींना सायकल तिथलीच मिळते, आणि त्यात वयाची अट नाही. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

तुम्हाला सांगायची गोष्ट दुसरी आहे. सरावाच्या फेरीत तिच्या पुढची मुलगी वळणावर घसरली आणि आडवी झाली. ऋतुजा अगदी मागे होती. तिनं पाय थांबवले नाहीत, मागे दाबून धरले, आणि त्या मुलीच्या वरच्या बाजूनं निघून गेली. फार तर हातभर जागा होती. मी आणि दिनकरकाका कठड्याला उभे होतो. ती थांबल्यावर काका आत गेले. तिला काही विचारलं नाही. खाली बसून त्यांनी लॉकरिंगला हात लावून बघितला, मग तिथेच बसून राहिले. मी त्यांना उठवलं नाही.

मॅडम, तुम्ही त्यांना माझ्याकडे पाठवलं नसतं तर ती जुन्या चाकावर गेली असती. माझ्यासाठी तुम्ही काय केलंत ते मला ठाऊक होतं. आता एका मुलीसाठी केलंत, ते तिला ठाऊक नाही. तिला एवढंच वाटतं की तुम्ही दुकानाचा पत्ता दिला.

अण्णांनी चाक परत मागितलेलं नाही. शोकेसमधली सायकल विटांवर आहे.

काका या आठवड्यात पेढे घेऊन तुमच्याकडे येतील. बुश त्यांनी स्वतः लेथवर केले आहेत, ते जरूर विचारा. त्यांना सांगायला आवडेल. पहिल्या वेल्डचं मात्र विचारू नका.

आपला विद्यार्थी,
संदीप