प्रेसवरची पाच बोटं

परवा खंडेनवमीला मुलीनं स्कूटरला झेंडूचा हार घातला. झेंडूच्या वासात ऑइलचा वास मिसळला आणि मी थेट सातपूरच्या कारखान्यातल्या त्या शेडमध्ये जाऊन उभा राहिलो.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. पूजेसाठी सगळी मशिनं पुसून बंद ठेवली होती. पत्रा दाबणाऱ्या आमच्या मोठ्या प्रेसचा वरचा भाग त्याआधी आठवडाभर मधूनच बटण न दाबता खाली यायचा. त्यावर काम करणाऱ्या आम्हा चौघांनाही ते ठाऊक होतं. पण पूर्वी एका कामगारानं अशीच तक्रार केली, तर फोरमननं त्याला दुसऱ्याच दिवशी ॲसिडच्या टाकीवर पाठवलं होतं.

आमच्या चौघांतला निफाडचा नामदेव ओलं कुंकू घेऊन पुढे झाला. त्यानं हात सरळ प्रेसखाली घातला आणि साच्याच्या कडेला पाच बोटं ओढली. मशीन बंद होतं, तरी मी पुन्हा एकदा स्विचकडे बघून घेतलं.

नारळ फुटला. फोरमननं हसत विचारलं, "काय रे, प्रेस बरोबर चालतेय ना? काही असेल तर आत्ताच सांगा."

नामदेवनं माझ्याकडे पाहिलं. चौघांत मीच जुना.

"एकदम बरोबर, साहेब," मी म्हणालो. मग बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

फोरमनला सगळेच घाबरायचे, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. आता कळतं, ते तिघं त्याच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

दसरा झाला, प्रेस सुरू झाली. दुपारच्या चहापर्यंत साच्यावरची पाच बोटं तशीच होती. नामदेवच्या हाताला दोनच उरली होती.