नागाओकाबाई सौम्य नव्हत्या

बाई गेल्या तेव्हा मी न्यू जर्सीत, एडिसनला, ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानाच्या दारात पत्रकं वाटत उभी होते. हॉस्पिटलमधून मेघनाचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "झालं." मी उरलेली पत्रकं वाटून संपवली. मधेच सोडून गेले असते तर बाई चिडल्या असत्या. संध्याकाळी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर श्रद्धांजली आली. वर चेरीच्या फुलांचं चित्र, खाली मजकूर : जपानी संस्कृतीच्या अभ्यासक, शांत, सौम्य, मितभाषी प्रा. मिचिए नागाओका यांचे अल्पशा आजाराने निधन. भराभर लोकांनी हात जोडले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाई शांत नव्हत्या. सौम्य तर मुळीच नव्हत्या. आणि तो अल्पसा आजार म्हणजे काय, तर मंडळाच्याच एका माणसानं त्यांना त्यांच्या घरात शिरून ढकललं, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या अंथरुणातून उठल्याच नाहीत. शेवटी न्यूमोनिया झाला, म्हणून कागदावर न्यूमोनिया आहे. आता काही आठवडे उलटलेत. आज लिहायला बसले आहे. मेघना हे तिचं खरं नाव नाही. तिच्या नवऱ्याचं नाव वकिलांनी छापू नका सांगितलंय, म्हणून तो इथे नुसता 'तो' आहे. बाकी सगळं घडलं तसं.

मी नागपूरहून इथे शिकायला आले आणि बाईंच्या वर्गात नाव घातलं, ते केवळ वेळ जुळत होती म्हणून. जपानी लेखिकांच्या कथा-कादंबऱ्या इंग्रजीत आणणं आणि त्यावर भांडणं यात त्यांचा जन्म गेला. पहिल्याच तासाला त्यांनी एका कथेची दोन भाषांतरं वाचून दाखवली. जुनं एका नामवंत प्राध्यापकाचं. त्यात नवरा आवाज चढवतो आणि बायको हुंदका देते. दुसरं बाईंचं. त्यात तो तिचं तोंड चुलीच्या कडेवर आपटतो आणि तिचा दात तुटून भातात पडतो. "मूळ कथेत दात आहे," बाई म्हणाल्या. "त्या गृहस्थांनी तो गिळला." वर्ग हसला. प्रकाशकांना जपान म्हणजे फुलं, चहा, धुकं हवं असायचं. मारहाणीची पानं थोडी कमी करा, अशी सूचना प्रत्येक पुस्तकाला यायची, आणि बाई प्रत्येक वेळी पुस्तकच परत मागवायच्या. मार झाकणारा भाषांतरकार म्हणजे भिंतीपलीकडचा शेजारी, असं त्या म्हणायच्या. ऐकू येतं, आणि तो टीव्हीचा आवाज वाढवतो.

मी तेव्हापासूनच घरात मार खाणाऱ्या भारतीय बायकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेची पत्रकं लिहिते. एक पत्रक इंग्रजीत करून बाईंना मोठ्या ऐटीत दाखवलं. अन्याय, अत्याचार, पितृसत्ता, सगळं ठासून भरलेलं. त्यांनी वाचलं आणि टेबलावर पालथं घातलं. "हे ओरडतंय खूप. पण ह्यात कुणी कुणाला मारलेलंच नाही." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच घरी बोलावलं. दार उघडलं की थेट स्वयंपाकघर, असं ते लहानसं घर. जेवणाचं टेबल भिंतीला सरकवून त्या मधोमध उभ्या. हातातल्या कादंबरीत एक बाई केस ओढले गेल्यावर दार आणि चूल यांच्यामध्ये पडते, आणि ती नेमकी तिथे पडते कशी हे बाईंना उमगत नव्हतं. मला म्हणाल्या, "माझे केस धर." सत्तरी ओलांडलेली, माझ्या खांद्याला लागणारी बाई, पांढऱ्या केसांचा लिंबाएवढा अंबाडा... मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी धरले. "ओढ. लाजू नकोस." ओढले, आणि त्या गुडघ्यांवर धाडकन आदळल्या. खालूनच विचारलं, हात कुठे गेले ते पाहिलंस का. हात डोक्याकडे गेले होते. म्हणजे तोंड उघडं पडतं. त्या उठल्या, गुडघा चोळत टेबलाशी बसल्या आणि लिहू लागल्या. दुसऱ्या दिवशी गुडघा काळानिळा. तुम्हाला कुणी मारलं होतं का, असं मी एकदाच विचारलं. म्हणाल्या, मला नाही, आईला. मी लहान होते, भात वाढत होते. वडील तिला मारत होते आणि मी भात सांडू नये म्हणून जपत होते.

तर अशा बाईला मंडळानं महिला दिनाला बोलावलं. अध्यक्ष शिरीषकाका, मनानं वाईट नव्हेत, सगळ्यांच्या मुंजी-बारशांना धावणारे. त्यांना वाटलं जपानी बाई आहेत, फुलांची मांडणी दाखवतील. मला म्हणाले, "ऋता, मुलांसाठी कागदाचे पक्षीपण करतील का गं त्या?" मी म्हटलं विचारते. विचारलं नाही. बाई आल्या, दारात एका काकूंनी दिलेला गजरा मनगटाला बांधून घेतला, आणि मारहाणीचं तेच प्रकरण वाचायला सुरुवात केली. त्या इंग्रजीतून, मी मराठीतून. पहिल्या रांगेतल्या काकू पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. मग बाईंनी मला खूण केली आणि मी स्टेजवर त्यांचे केस धरले, वरून, अंबाड्याला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, अगदी साधा, कुणी पोळी लाटायला शिकवावी तसा. "असं नाही धरत. खाली, मानेपाशी धरतात. मग डोकं वळवता येत नाही."

ती मेघना. पुण्यात चांगली इंजिनिअर होती, इथे नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसलेली. नवरा हॉलच्या मागे साउंड सिस्टिम सांभाळत होता. माइक बंद पडला. पडला नाही, बंद केला. बाईंना मराठीचा गंध नव्हता. मी कानात सांगितलं, तशा त्या खाली उतरून मेघनापाशी गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, माझ्या भाषांतरात चूक आहे, ती सुधारायला तुम्ही दर गुरुवारी माझ्याकडे याल का. शिरीषकाकांना काय, त्यांनी लगेच जाहीर करून टाकलं, आपल्या मंडळाच्या सदस्या युनिव्हर्सिटीच्या प्रोफेसरांना मदत करणार. टाळ्या. चार लोकांत मेघनाच्या नवऱ्याला नाही म्हणता येईना. त्यानंही टाळ्या वाजवल्या. गाडीत बसल्यावर त्यानं काय केलं, ते मेघनानं पहिल्या गुरुवारी बाही वर करून दाखवलं.

गुरुवार होत राहिले. दोघी जमिनीवर बसून ते प्रकरण ओळ न् ओळ पुन्हा करत. मेघना सांगे, मारायच्या आधी तो घड्याळ काढून ठेवतो. बाई म्हणत, माझे वडील चष्मा काढायचे. मग दोघी हसत... असलं हसणं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. एका गुरुवारी मेघना बॅग घेऊन आली. बाईंनी काही विचारलं नाही, वरची खोली झाडून दिली.

शनिवारी सकाळी तो आला. मी नव्हते, मेघनानं सांगितलं तेच लिहिते. ती पोहे करत होती, बाई टेबलाशी मटार सोलत होत्या. त्यानं दाराची काच फोडून आत हात घातला, कडी काढली, हातातून रक्त गळत असतानाच आत आला. बाई उठून मधे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बूट काढा." आणि तो थांबला. अहो, खरंच थांबला. बायकोचा जीव घ्यायला आलेला माणूस, पण बूट घालून कुणाच्या घरात शिरायचं नाही हे आईनं लावलेलं वळण त्याच्या पायांना ठाऊक होतं. त्यानं खाली बघितलं. हात बुटाच्या नाडीकडे गेला. तेवढ्यात मेघना बाथरूममध्ये शिरली, कडी लावली, पोलिसांना फोन लावला. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं बाईंना दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. त्या ओट्याच्या कडेवर आपटून खाली पडल्या. मेघनाला आतून हाड मोडल्याचा आवाज आला. सुकी काटकी मोडते तसा, म्हणते. मग तो बाथरूमच्या दाराला लाथा घालत राहिला, फळी फुटून बुटाचं टोक आत दिसेपर्यंत, आणि बाई जमिनीवरून ओरडत होत्या की मेघना, उघडू नकोस, मी बरी आहे. बऱ्या नव्हत्या.

तो जामिनावर सुटला. बाई हॉस्पिटलमध्ये, आणि इकडे मेघना डगमगू लागली. पुण्याहून आईचा फोन, एक म्हातारी घालवशील आता, जा घरी. शिरीषकाका त्याचा निरोप घेऊन आले की तिनं माघार घेतली तर व्हिसाचं तो बघेल, सगळं विसरू. ती खरंच निघाली होती. बाईंना सांगून जावं म्हणून कॉटशी आली आणि म्हणाली, माझ्यामुळे तुमचं हाड मोडलं. बाईंना तेव्हा नीट श्वासही घेता येत नव्हता. थांबत थांबत म्हणाल्या, "तू परत गेलीस तर फुकट मोडलं." एवढंच. गोड बोलणं त्यांना जमलंच नाही कधी. मेघना गेली नाही. नंतर दहाएक दिवसांत बाई गेल्या.

हा लेख मी बाईंच्याच टेबलाशी बसून लिहिते आहे. त्यांची ओसाकाची भाची घर विकणार आहे, पण मेघना इथेच राहते, तिची केस कोर्टात उभी राहीपर्यंत थांबते म्हणाली. काल शिरीषकाका आले होते. दारात बूट काढले आणि आत पाय टाकणार तोच मेघना म्हणाली, "काका, तिथे नका पाय देऊ." त्यांनी खाली बघितलं. लाकडी फरशीवर काळा, वळलेला फराटा आहे, बुटाच्या टाचेचा. काय आहे हे, त्यांनी विचारलं. मेघनानं सांगितलं. कुठल्या हातानं काच फोडली, बाई कुठे उभ्या होत्या, तो कुठे थांबला, तिथून कसा वळला. आवाज न चढवता, बोट दाखवत दाखवत. काका पायमोजे घातलेले पाय जवळ घेऊन उंबऱ्यातच उभे राहिले. ते मला सांगायला आले होते की लेखात बाई पाय घसरून पडल्या असं लिही, गेलेल्या माणसाबद्दल वाद नकोत, मंडळाचं नाव आहे. हे त्यांनी फोनवर आधीच बोलून दाखवलं होतं. काल ते त्यांच्या तोंडून निघालं नाही.

चहा नको म्हणाले. बाहेर पायरीवर बसून बराच वेळ नाड्या बांधत होते. मग वर न बघता विचारलं, "त्या दिवशी हॉलमध्ये ती जे बोलली, ते मी ऐकलंय. कोर्टात त्याचा उपयोग होतो का?" मेघना म्हणाली, होतो. त्यांनी तारीख विचारली, तिनं सांगितली. मी सांगून टाकलं, आला नाहीत तर हाच लेख पत्रक करून मंडळाच्या गणपतीत वाटीन. काका म्हणाले, "वाटशील गं, माहितीये." आणि गाडीकडे गेले. मेघनानं दार लावलं, फराट्याला वळसा घातला आणि भात टाकायला ओट्यापाशी गेली.